पोसोले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिको सिटीत साडेतीन वर्षं काढून पुण्याला परत आले, तेव्हापासून दर सप्टेंबरात आमच्या घरी पोसोलेचं पातेलं चढतं. जेवायला येणारी माणसं बदलतात, प्रश्न मात्र तेच असतात. दर वेळी फोनवर तेच दळण दळण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

पोसोले म्हणजे नेमकं काय?

चुन्याच्या पाण्यात उकडून साल काढलेले मक्याचे टपोरे दाणे, आणि हाडासकट शिजवलेलं डुकराचं किंवा कोंबडीचं मांस यांचा पातळ रस्सा. दाणे इतके शिजतात की लाहीसारखे उमलतात, फक्त ओलेच राहतात. वाडग्यात वाढल्यावर वरून चिरलेला कोबी किंवा लेट्यूस, मुळ्याच्या चकत्या, कच्चा कांदा, सुका ओरेगानो, तिखट आणि लिंबू. सोबत कुरकुरीत तळलेली मक्याची पोळी, तिला तोस्तादा म्हणतात.

पुष्कळ जण याला ‘मक्याचं मटण’ म्हणतात. मला ते पटत नाही. यात मुख्य मका आहे, मांस त्याच्या चवीला आहे. मांस बदललं तरी पोसोले हे पोसोलेच राहतं. मका नीट झाला नाही तर उरतो तो नुसता रस्सा.

पोझोले की पोसोले?

पोसोले. स्पॅनिशमध्ये लिहिताना त्यात ‘झेड’ असतो, पण मेक्सिकोत त्याचा उच्चार सरळ ‘स’. जोर मधल्या ‘सो’वर. शब्द मूळचा नावाट्ल भाषेतला, म्हणजे आस्तेक लोकांच्या. टोमॅटो, अवोकाडो, चॉकलेट हे शब्द त्याच भाषेतून जगभर गेले. आपला चिकूही फिरत फिरत तिथूनच आलेला.

‘पोसोल’ म्हणून आणखी एक गोष्ट आहे, तिच्याशी गल्लत करू नका. ताबास्को आणि चियापास या दक्षिणेकडच्या राज्यांत चुन्यात उकडलेल्या मक्याचं पीठ आंबवून, त्याचा गोळा पाण्यात कालवून पितात. कधी त्यात कोको घालतात. उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाचं ते पेय आहे, आपल्या आंबिलीच्या जातकुळीतलं. त्यात मांसाचा संबंध नाही.

मका तर आपल्याकडेही मिळतो. मग वेगळं काय?

दाणा वेगळा. पोसोलेला लागतो तो ‘काकावासिंत्ले’ जातीचा मका. दाणे पांढरे, रुंद, सुरतीच्या वालापेक्षा मोठे. तोलुकाच्या खोऱ्यात आणि पुएब्लाच्या डोंगराळ भागात हा पिकतो. आकारापेक्षा आतला स्टार्च महत्त्वाचा. काकावासिंत्लेचा दाणा आतून पिठूळ, मऊ असतो, म्हणून शिजताना पाणी पितो, फुगतो आणि उमलतो. आपल्याकडचा नेहमीचा पिवळा मका आतून काचेसारखा टणक असतो. कोंबडीच्या खाद्याला आणि लाह्यांना तो चांगला, पण पातेल्यात उमलायला फार आढेवेढे घेतो. सातपुड्याकडचा पांढरा देशी मका हाती लागला तर तो घ्या. काकावासिंत्लेची बरोबरी होत नाही, पण पिवळ्यापेक्षा खूप बरा.

आणखी एक सांगते. मका मुळात तिथलाच. तेओसिंत्ले नावाच्या रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसानं तो घडवला, तोही आजच्या गेरेरो राज्यातून वाहणाऱ्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात. तिथल्या शिवातोश्त्ला नावाच्या कपारीत ८,७०० वर्षांपूर्वीच्या मक्याच्या खुणा सापडल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. आणि आज मेक्सिकोत पोसोलेवर सगळ्यात जास्त जीव टाकणारं राज्य कोणतं, तर गेरेरोच.

चुना कशासाठी?

सगळी गोम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

मक्याच्या दाण्याला बाहेरून चिवट साल असते. नुसत्या पाण्यात कितीही उकळा, ती सुटत नाही. पाण्यात चुना घातला की ते अल्कधर्मी होतं आणि सालीला धरून ठेवणारा भाग विरघळतो. अर्ध्या-पाऊण तासात साल बुळबुळीत होऊन बोटानं निघते. पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं होतं. त्याला तिकडे ‘नेहायोते’ म्हणतात. त्या वेळी स्वयंपाकघरात जो वास सुटतो तो ताज्या तोर्तियाचा, म्हणजे तिकडच्या मक्याच्या पोळीचा वास. नुसता मका उकडून तो कधीच येत नाही.

या क्रियेला म्हणतात ‘निश्तामालिसासियोन’. शब्दाच्या पोटात नावाट्लमधले दोन शब्द आहेत, राख आणि तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ. पूर्वी चुन्याऐवजी राखही वापरत. हजारो वर्षांपासून चालत आलेल्या या पद्धतीनं साल तर निघतेच, शिवाय दाण्यात कॅल्शियम मुरतं आणि नियासिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, मोकळं होतं. मक्यात ते असतं, पण अशा बांधलेल्या स्थितीत की आपल्या आतड्यांना ते काढून घेता येत नाही.

युरोपियनांनी मका नेला, चुना मात्र तिथेच ठेवून आले. परिणाम भयंकर झाला. १७३५ साली स्पेनमधल्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरानं मका खाऊन जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एका रोगाची नोंद केली: उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर लाल चट्टे, जुलाब, पुढे बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. हाच पेलाग्रा. उत्तर इटलीत त्यानं हाहाकार केला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरानं तो संसर्गजन्य नसून आहाराचा रोग आहे हे दाखवून दिलं, आणि १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेमनं कमतरता नेमकी कशाची हे शोधलं. चुन्यात मका उकडणाऱ्या मेक्सिकोत मात्र हा रोग तसा फोफावला नाही.

पेलाग्रा आपल्यालाही अगदी परका नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो दिसायचा. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाकडे बोट दाखवलं होतं. त्यावर पुढे बरेच वाद झाले, पण भाकरीबरोबर डाळ, ताक, पालेभाजी का हवी हे त्यातून कळतंच.

घरी करताना पानाचा चुना चालेल का?

हा प्रश्न विचारताना लोक आधी हसतात. पण चालतो. रसायन तेच आहे, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानवाल्याकडचा साधा पांढरा खायचा चुना घ्या, वास किंवा रंग घातलेला नको. भिंतीला लावायच्या चुन्याचा विचारही करू नका.

अर्धा किलो सुका मका असेल तर दीड-दोन लिटर पाण्यात दीड ते दोन चहाचे चमचे ओला चुना पूर्ण विरघळवा. कोरडी पूड असेल तर पाच ग्रॅम पुरे. मक्याच्या वजनाच्या एक टक्का हे साधारण प्रमाण. मका धुऊन त्यात सोडा आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळू द्या. एक दाणा काढून दोन बोटांत चोळा. साल सरकली की गॅस बंद. झाकून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी चार-पाच पाण्यांतून चोळून चोळून धुवा, पाणी नितळ होईपर्यंत.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं हवं. ॲल्युमिनियमला चुना खातो. चुना हाताला आणि डोळ्यांना झोंबतो, तेव्हा हातमोजे असले तर घाला, आणि लहान मुलांना या कामाला बसवू नका.

खायचा सोडा? साल थोडी सुटेल, पण चवीला साबण लागेल. नकोच.

स्वीट कॉर्न घातला तर?

नाही.

आणि लाह्यांचा मका?

तोही नाही. तो आतून सगळ्यात टणक.

दाण्याचं टोक काढायलाच हवं का?

मक्याचा दाणा कणसाला जिथे चिकटलेला असतो तिथे त्याला एक तपकिरी टोक असतं. मेक्सिकोत ते काढतात, त्याला ‘डोकं उडवणं’ अशा अर्थाचा शब्द आहे. टोक राहिलं तर दाणा शिजतो, पण उमलत नाही, आणि खाताना ते दातांत अडकतं.

तिथे ज्या बाईंच्या घरात मी खोली घेऊन राहत होते, त्यांच्याकडे चौदा सप्टेंबरची संध्याकाळ या कामातच जायची. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, मधोमध ओल्या दाण्यांची परात, भोवती बाई, त्यांची सून, एक शेजारीण आणि मी. डाव्या हाताच्या चिमटीत दाणा, उजव्या अंगठ्याचं नख टोकाच्या खाली. नखाला छोटासा झटका दिला की टोक सुटून कागदावर पडतं. पहिल्या वर्षी मी दहा मिनिटांत तीस दाणे केले, बाईंनी तेवढ्यात वाटी भरली, तीही न बघता, सुनेशी भांडत. दिवाळीला चकल्या पाडायला बायका जमतात तशी ती बैठक. त्या रात्री माझ्या अंगठ्याचं नख चुन्यानं हुळहुळत होतं. बाईंनी त्यावर लिंबू चोळलं आणि वर म्हणाल्या की आता तुला पोसोले खायचा हक्क आला.

आता तिथेही बाजारात टोकं काढलेला, अर्धवट शिजवलेला मका पिशवीत मिळतो आणि शहरातली निम्मीअधिक घरं तोच आणतात. त्यात कमीपणा काही नाही. पुण्यात मी अर्धा किलोची टोकं एकटीनं काढते, रेडिओ लावून, दीड तास लागतो. कंटाळा आला तर उरलेले तसेच टाकते.

माझा मका चार तास शिजूनही फुलला नाही. काय चुकलं?

बहुतेक यांपैकी एक: साल पूर्ण निघाली नाही, टोकं राहिली, मका फार जुना होता, किंवा मीठ लवकर पडलं. दाणा उमलायच्या आधी मीठ घातलं तर तो ताठतो, असं तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या सगळ्याच बायका सांगतात. त्यामागचं शास्त्र काय ते असो, मी हा नियम एकदाच मोडला. पुण्यातलं पहिलंच पोसोले, नऊ पाहुणे, आणि सवयीनं पाण्याला आधण आलं तेव्हाच मीठ टाकलं. रात्री साडेनऊला दाणे खड्यांसारखे होते. शेवटी रस्सा गाळून भातावर वाढला. पाहुण्यांनी आवडीनं खाल्ला, हेच जास्त लागलं.

कुकर वापरायला हरकत नाही. चुना धुऊन टोकं काढल्यावर भरपूर पाण्यात, मिठाशिवाय, मध्यम आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं. मग उघड्या पातेल्यात ओतून फुलेपर्यंत उकळा. पिवळा मका असेल तर त्यापेक्षाही जास्त. तो पूर्ण उमलेलच असं नाही, पण मऊ होतो.

मांस कोणतं?

मुळात डुकराचं. एकाच प्रकारचं नाही: डोकं, पाय, पाठीच्या कण्याची हाडं आणि मांडीचं किंवा खांद्याचं गोळीबंद मांस. डोक्यानं आणि पायांनी रस्सा चिकट, भरीव होतो. आपल्याकडे पाया आणि मुंडी खाणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. दुकानात बसलात की वाढपी विचारतो, ‘मासीसा की सुर्तिदा?’ मासीसा म्हणजे निव्वळ मांस. सुर्तिदा म्हणजे मिसळ, त्यात कान, नाकाचा शेंडा, गालाची चरबी, जे नशिबात असेल ते. सुर्तिदा मागवा. कानाचा कुरकुरीतपणा आणि मक्याचा मऊपणा एकाच घासात येतो, ते मासीसात नाही.

हिरव्या पोसोलेत पुष्कळदा कोंबडी असते. पॅसिफिक किनाऱ्यावर कोळंबीचं करतात, ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या शुक्रवारी विशेषतः. मटणाचं तिथे मी खाल्लेलं नाही. घरी डुक्कर चालत नसेल तर गावठी कोंबडी घ्या. मटणाच्या चरबीला स्वतःचा इतका वास असतो की मका मागे पडतो.

पांढरं, लाल, हिरवं: फरक काय?

पांढरं म्हणजे मूळ. मका, मांस, लसूण, कांदा, मीठ. मिरची पातेल्यात नाही, वाडग्यात घ्यायची. यात काहीच लपवता येत नाही. चांगल्या मक्याचा कस पांढऱ्यातच लागतो.

लालात सुक्या मिरच्यांचं वाटण. ग्वाहियो ही गुळगुळीत सालीची आणि आंचो ही सुरकुतलेली, काळपट, मनुकांसारख्या वासाची. बिया काढून गरम पाण्यात भिजवायच्या, लसूण-कांद्याबरोबर वाटायच्या, गाळायच्या आणि थोड्या चरबीत परतून रश्श्यात सोडायच्या. गाळणं टाळू नका, सालीचे तुकडे घशाला लागतात. हालिस्को आणि सिनालोआकडे हे लालच चालतं.

हिरवं गेरेरोचं. त्यात तोमातिल्यो, म्हणजे कागदी पापुद्र्यातलं आंबट हिरवं फळ, हिरव्या मिरच्या, भाजून वाटलेल्या भोपळ्याच्या बिया आणि एपासोतेसारखा उग्र पाला. बियांमुळे रस्सा दाट होतो. तोमातिल्यो हे टोमॅटोचं कच्चं रूप नव्हे, ते आपल्या रसभरीचं भावंड. पण इथे मिळत नाही म्हणून मी कच्चे टोमॅटो आणि वरून लिंबू घालते.

पांढरं, हिरवं, लाल हे मेक्सिकोच्या झेंड्याचेही रंग. स्वातंत्र्यदिनाला हॉटेलं तीन वाडगे शेजारी मांडून फोटो टाकतात. कोल्हापुरी माणसाला तांबड्या-पांढऱ्याचा वाद समजावून सांगायला नको. तिथेही तोच वाद आहे, फक्त पक्ष तीन.

ब्याडगी मिरची चालेल?

ग्वाहियोऐवजी छान चालते, रंग तर जवळपास तोच. आंचोचा गोडसर, जड वास मात्र येत नाही, त्यासाठी वाटणात दोन काळ्या मनुका टाकते. ही माझी लबाडी आहे, मेक्सिकन नाही. मिरची मूळची त्याच प्रदेशातली, पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूनं आपल्याकडे आली. तेव्हा ब्याडगी घालताना परकं काही घालतोय असं वाटायचं कारण नाही.

हळद, गरम मसाला, खोबरं मात्र नको. हात शिवशिवतात, ठाऊक आहे.

गुरुवारीच का खातात?

गेरेरोत. चिल्पान्सिंगो आणि आकापुल्कोमध्ये गुरुवार हा पोसोलेचा वार, ‘हुएवेस पोसोलेरो’. हिरवं पोसोले विशेषकरून त्या दिवशी. दुपारी दुकानं भरतात, गाणंबजावणं असतं, मेस्काल या दारूचे छोटे पेले फिरतात आणि कचेऱ्यांतली माणसं जेवून परत कामावर जातातच असं नाही. सोबत चिचारोन म्हणजे तळलेली डुकराची कातडी, अवोकाडो आणि कित्येक ठिकाणी डब्यातले सार्डिन मासे. पांढऱ्या पोसोलेत कच्चं अंडं फोडून ढवळणारेही आहेत. सार्डिन ऐकून मी नाक मुरडलं होतं. बांगडा-तारली खाणाऱ्या घरातली असून. खाल्ल्यावर गप्प बसले.

चिलापा या गावाची एक दंतकथा सांगतात. कोणी बडा धर्मगुरू येणार म्हणून गावानं चिक्कार मका चुन्यात शिजवला, पण वाटणाऱ्या बायका कमी पडल्या, तोर्तिया होईनात; तेव्हा दाणे तसेच मांसात टाकले आणि पोसोले जन्मलं. गोष्ट गोड आहे, पण खरी मानायचं कारण नाही. पोसोले त्याहून कितीतरी जुनं आहे.

स्वातंत्र्यदिनाशी काय संबंध?

१६ सप्टेंबर १८१० रोजी पहाटे दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या पाद्र्यानं चर्चची घंटा वाजवून स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठावाची हाक दिली. तिची आठवण म्हणून दर वर्षी १५ तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष राष्ट्रीय प्रासादाच्या सज्जात येऊन घंटा वाजवतात आणि घोषणा देतात, खाली चौकात लाखांनी लोक. त्या रात्री घराघरांत पोसोले. का, तर एका पातेल्यात तीस माणसं जेवतात, आधी करून ठेवता येतं, रात्री बारानंतर गरम केलं की आणखी चांगलं लागतं. नाताळ, नववर्ष, बारसं, लग्न, सगळीकडे हेच कारण.

माणसाचं मांस घालायचे हे खरं का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि नेमका पहिला घास घेताना.

सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन साधूनं आस्तेक म्हाताऱ्यांना विचारून त्यांच्याच भाषेत बारा भागांचा ग्रंथ तयार केला. आज तो फ्लॉरेन्समध्ये असल्यानं ‘फ्लॉरेन्टाइन कोडेक्स’ म्हणतात. त्याच्या दुसऱ्या भागात सणांची वर्णनं आहेत. शिपे तोतेक या देवाच्या सणात बळी दिलेल्या युद्धकैद्याच्या मांसाचे तुकडे मक्याबरोबर शिजवून वाटत, असं तिथे नोंदलंय. त्या पदार्थाचं नाव ‘त्लाकात्लाओल्ली’, माणूस आणि मका. ज्यानं कैदी पकडला तो स्वतः मात्र ते खात नसे, कारण त्या कैद्याशी त्याचं नातं आपल्याच देहासारखं मानलं जाई.

म्हणजे नोंद आहे. पण ते रोजचं जेवण नव्हतं, ठरावीक विधीतला, ठरावीक लोकांसाठीचा प्रसाद होता. सामान्य माणसाच्या घरी मका टर्कीबरोबर किंवा शिकारीबरोबर शिजत असणार, त्याचं वर्णन कोणाला करावंसं वाटलं नाही इतकंच. शिवाय लिहून घेणारा धर्मप्रसारक होता, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. ‘डुकराचं मांस चवीला माणसासारखं म्हणून ते आलं’ हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे फिरतं. त्यावर मी विश्वास ठेवत नाही. स्पॅनिश लोकांनी डुकरं आणली, ती झपाट्यानं वाढली, आणि पातेल्यात गेली. एवढं कारण पुरेसं आहे.

गरम रश्श्यावर कच्चा कोबी? खायचं कसं?

आधी नुसता एक चमचा रस्सा प्या. मग लिंबू पिळा, ओरेगानो तळव्यांवर चोळून वरून सोडा, मग कांदा, मुळा, शेवटी कोबी मूठभर. राजधानीत कोबीऐवजी लेट्यूस असतो. ढवळू नका, वरून खाली खात जा: वरचं थंड आणि कुरकुरीत, खालचं गरम आणि मऊ. तोस्तादावर मेक्सिको सिटीत साय लावून देतात, ती रश्श्यात बुडवायची नाही, वेगळी चावायची.

मेक्सिकन ओरेगानो ही पिझ्झ्याबरोबरच्या पुडीतली वनस्पती नव्हे. ती घाणेरीच्या कुळातली, वास जास्त रानटी. पण पुडीतलीही वेळ मारून नेते.

शाकाहारी करता येईल?

येतं, तिथेही करतात, बहुतेकदा अळंब्यांचं. फक्त मांसाच्या जागी पनीर टाकून मोकळं होऊ नका. आधी रश्श्याला अंग द्या: लसणाचा अख्खा गड्डा आणि कांदा थेट आचेवर काळे होईपर्यंत भाजा, सुक्या अळंब्या भिजवून त्यांचं पाणीही घाला. हिरवं पोसोले शाकाहारात सगळ्यात चांगलं जमतं, बियांचा दाटपणा कामाला येतो. कच्चा फणसही घालून पाहा. नायारित राज्यात फणसाची लागवड आहे आणि मेक्सिकोतले शाकाहारी लोक तो मांसासारखा वापरतातच.

अमेरिकेत डब्यात ‘हॉमिनी’ मिळते, ती हीच का?

हो, चुन्यानं किंवा दुसऱ्या क्षारानं साल काढून शिजवलेला मकाच. हॉमिनी हा शब्द व्हर्जिनियाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. कॅलिफोर्निया-टेक्सासकडच्या मैत्रिणी हेच डबे वापरतात. पाणी फेकून, दाणे धुऊन, रश्श्यात निदान तासभर उकळा. नाहीतर डब्याची चव जात नाही. मेक्सिकन किराणा दुकानात फ्रीजरमध्ये टोकं काढलेला मका मिळतो, तो दसपट चांगला. न्यू मेक्सिकोत मक्याच्या दाण्यांनाच ‘पोसोले’ म्हणतात आणि तिथलं कालवण नाताळचं.

मेनुदो वेगळं का?

वेगळं. त्यात गायीची वजडी, आणि मका फक्त उत्तरेकडे घालतात. रविवारी सकाळी, आदल्या रात्रीची उतरवायला.

सोनोरा राज्यात गव्हाचं पोसोलेही होतं. मोहरमच्या खिचड्याशी त्याचा काही संबंध नाही, पण पहिल्यांदा चाखलं तेव्हा मला मुंबईच्या मोहम्मद अली रोडची आठवण आली होती.

आठ माणसांना किती लागेल?

अर्धा किलो सुका मका, दीड किलो हाडासकट मांस, लसणाचा एक गड्डा, दोन कांदे. लाल करायचं असेल तर बारा-पंधरा ब्याडग्या. मका शिजल्यावर दुपटीहून जास्त होतो, पातेलं मोठं घ्या. मका आणि मांस वेगवेगळं शिजवून शेवटचा तासभर एकत्र उकळलेलं सोयीचं, नाहीतर मका फुलेपर्यंत मांसाचा लगदा होतो.

उरलं तर?

फ्रीजमध्ये तीन दिवस. दाणे रस्सा पीत राहतात, म्हणून गरम करताना पाणी घालावं लागतं, मीठ पुन्हा बघा. डीप फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतं. कोबी, मुळा, लिंबू मात्र ताजंच घ्या. आणि वाढलेल्या वाडग्यातलं कोबीसकट उरलं असेल तर ते ठेवू नका, सकाळी वास येतो.